सोपे माशाचे पॅटीस

चार जुने स्वयंपाकी एका जागी बसले की किस्से साठायला वेळ लागत नाही. एकानं झाकण काढलं की दुसऱ्याचं उतू जातं. आता माझ्याबरोबर बसायला त्यातलं कुणी राहिलेलं नाही, त्यामुळं सगळ्यांचं माझ्याकडंच साठून राहिलंय. परवा सुनेनं ते एका झटक्यात बाहेर काढलं. ती मासिक वाचत बसली होती. म्हणाली, "आबा, हे बघा, पार्टीसाठी सोपे माशाचे पॅटीस. अर्ध्या तासात होतात म्हणे."

सोपे! माझं डोकंच फिरलं. हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"कुणी लिवलंय?"

"कुणीतरी बाई आहेत."

"त्या बाईला म्हणावं, आधी कर आणि मग लिही."

सून हसली. हसू दे. तिनं उस्मानचाचांना बघितलेलं नाही.

आमचा क्लब साताऱ्याच्या कँपात होता, साहेब लोकांचा. बेचाळीसचा पावसाळा सरला तेव्हा मी तिथं लागलो. त्याआधी पलटणीत लांगरी होतो, शिपायांचा स्वयंपाक करायचो. पाय मोडला म्हणून पलटणीनं घरी धाडलं. कोरेगावजवळ आमचा ऊस होता, भाऊ होते, पण लंगड्या माणसानं उसात करायचं काय? क्लबात हेडकुक होते उस्मानचाचा. त्यांच्या हाताखाली मी. आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर मेमसाहेब, म्हणजे क्लबच्या सेक्रेटरी साहेबांची बायको.

चाचांची बाईंकडं एकच मागणी होती. चिठ्ठी. त्या काळी खानसाम्याची सगळी अब्रू चिठ्ठीत असायची. साहेब बदलून चालला की लिहून द्यायचा, हा माणूस अमुक करतो, तमुक करतो. ती दाखवल्याशिवाय दुसऱ्या बंगल्याची पायरी चढता यायची नाही. चाचांकडं वीस वर्षांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, तो ट्रंकेत वाळवीनं खाल्ला. तळाला नुसती माती राहिली. तेव्हापासून ते मागत होते. जास्त काही नको, "उस्मान पेस्ट्री करतो" एवढंच लिहून द्या. आणि बाईंचं उत्तर ठरलेलं, "नेक्स्ट पार्टी के बाद, खानसामा."

सहा वर्षांत त्या बाईनं त्यांना नावानं हाक मारली नाही. खानसामा म्हणजे काय नाव झालं?

* * *

सोपं म्हणजे किती सोपं, ते एकदा ऐकाच.

पार्टी संध्याकाळी सहाला. चाचा पहाटे चारला मैदा चाळायला बसायचे, कारण ऊन चढलं की लोणी माणसाचं ऐकत नाही. मैदा मळून ओल्या फडक्यात ठेवायचा. शहाबादी फरशीवरनं बर्फ फिरवायचा, फरशी पुसायची, तिच्यावर मैदा लाटायचा, मधे लोणी ठेवून घडी घालायची. अर्धा तास थांबायचं. परत लाटायचं, परत घडी. असं सहा वेळा. लाटताना कुठं लोणी फुटून वर आलं की गेलं सगळं. मग मासा उकडायचा, त्याचे काटे काढायचे, आणि एकही काटा राहू द्यायचा नाही, कारण साहेबाच्या घशात काटा अडकला तर आमच्या गळ्याला फासच. दूध, मिरी आणि कांदा घालून ते सारण आटवायचं. भट्टी तापली का ते बघायला चाचा चिमूटभर मैदा आत टाकायचे. तो किती वेळात तांबूस होतो त्यावरनं ते सांगायचे, आता घाल, नाहीतर अजून थांब.

साडेपाचला मेमसाहेब आल्या. केस कुरळे केलेले, तोंडाला पावडर. भट्टीत जायच्या तयारीत पॅटीस मांडून ठेवले होते, वरनं अंडं लावायचं बाकी होतं. बाईंनी ब्रश उचलला, एका पॅटीसवर अंडं फिरवलं आणि म्हणाल्या, "व्हेरी ईझी, खानसामा. देखो, हम कर दिया."

पलटणीत राहून मला इंग्रजी समजायला लागलं होतं. बाहेर ट्रे फिरवताना मी कानांनी ऐकलं, बाई सगळ्यांना सांगत होत्या की हे मी स्वतः केलेत, अगदी सोपे असतात. मी तणतणत आत आलो. म्हटलं, "चाचा, बाई म्हनत्यात ह्ये मी केलंय."

चाचा भट्टी झाडत होते. म्हणाले, "एकावर अंडं लावलं न्हवं का तिनं? त्ये एक तिचं. बाकीचं आपलं."

मला काही हसू आलं नाही. अजूनही येत नाही.

* * *

पुढची पार्टी त्रेचाळीसच्या हिवाळ्यातली. मासा मुंबईहून पेटीत बर्फ घालून गाडीनं सातारा रोड स्टेशनात यायचा. मी टांगा घेऊन आणायला गेलो. ते दिवस कसले होते सांगतो. आज कुठं रूळ उखडलेले, उद्या कुठं तारा तोडलेल्या. भूमिगत पोरं हाताला लागत नव्हती, म्हणून पोलीस पेट्या आणि बोचकी पकडत होते.

हवालदारानं माझी पेटी अडवली. "खालनं गळतंय काय?"

"बर्फ हाय."

"बर्फ कशाला?"

"आत मासं हायत."

"मग माशास्नी बर्फ कशाला? मेल्यात न्हवं?"

आता ह्याला काय सांगायचं? मी क्लबचं नाव सांगितलं, साहेबाचं नाव सांगितलं. त्यावर तो जास्तच बिथरला. म्हणाला, साहेबाच्या पेटीतनं बाँब गेला तर माझी नोकरी जाईल, रीतसर पंचनामा करूनच सोडणार. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक हमाल मिळाला. दुसरा मिळाला तो पॉइंट्समन माळकरी होता. तो नाकाला उपरणं लावून वीस पावलांवर उभा राहिला आणि म्हणाला, मी माशाकडं बघनार न्हाई, तुमी वाचा, मी अंगठा देतो.

दोन-अडीच तास हा तमाशा चालला. पेटी उन्हात, झाकण उघडं. बर्फाचं पाणी होऊन माझ्या पायावरनं वाहून गेलं. हवालदारानं जे लिहिलं ते मला तोंडपाठ आहे, कारण त्यानं दोनदा मोठ्यांदा वाचून दाखवलं. "पेटीत मासे नग आठ. सर्व मयत. अंगावर जखमा नाहीत. स्फोटक पदार्थ मिळून आला नाही."

क्लबात येईपर्यंत मासा नासला होता. साहेबाचीच पार्टी, साहेबाचेच पोलीस, आणि बाईंच्या शिव्या कुणाला? चाचांना. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग सायकल काढून माहुलीला भोयाकडं गेले आणि कृष्णेतली ताजी मरळ घेऊन आले. सहाच्या ठोक्याला पॅटीस बाहेर होते. पाहुण्यांनी बाईंचं कौतुक केलं, असला ताजा मासा मुंबईहून कसा आणता म्हणून.

चाचा दुसऱ्या दिवशी चिठ्ठीसाठी गेले. नेक्स्ट पार्टी.

* * *

मग लोण्याची टंचाई झाली. क्लबाला डब्यातलं लोणी मिळायचं ते बंद झालं. मी चाचांना म्हटलं, आमच्या घरी दोन म्हशी आहेत, आईला सांगतो. आईनं आठवडाभर घुसळून मडकंभर लोणी साठवलं आणि स्वतः डोक्यावर घेऊन मोटारीनं साताऱ्याला आली. चाचांनी तिला पाट दिला, चहा दिला. लोण्याचा वास घेऊन म्हणाले, "असलं लोनी मी आजवर बघितलं न्हाई, माई."

आई खूश झाली. मग तिनं विचारलं, "कशात घालनार म्हनं?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "माशाच्या पॅटीसात."

आईनं मडकं उचलून परत मांडीवर घेतलं. "माझ्या म्हशीचं लोनी माशात? दूध-मासं एका तोंडी खाल्लं तर अंगावर कोड फुटतं. म्या न्हाई बाई हे पाप घेनार."

आमच्याकडं ही गोष्ट लहान पोराला पण माहीत असते. मासे शिजले त्या दिवशी घरात ताक सुद्धा कुणी मागत नाही. मी समजूत घालून थकलो. संध्याकाळी पार्टी, मडकं आईच्या मांडीवर, आणि चाचांचा मैदा ओल्या फडक्यात वाट बघतोय.

चाचा तिच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "माई, तुमचं म्हननं खरं हाय. आमी दोघं ह्यातला घास खानार न्हाई. खानार साहेब."

"आन् त्येंच्या अंगावर फुटलं तर?"

"त्ये आदीच पांढरं हायत, माई. फुटलं तरी दिसायचं न्हाई."

आईनं मडकं पुढं सरकवलं. जाताना मात्र मला बजावून गेली, "लोनी घालशील तवा त्येला सांगू नगंस कशात चाललंय त्ये."

तिचं लोणी पाहुण्यांनी वाखाणलं. बाईंनी सांगितलं, ऑस्ट्रेलियाचं आहे. माझी आई ऑस्ट्रेलियाची कधी झाली?

* * *

चव्वेचाळीसला डब्यातल्या माशाचं खूळ आलं. लष्कराच्या पुरवठ्यातनं डबे यायचे. एकदा ते स्टेशनात पावसात भिजले आणि सगळ्यांवरचे कागद निघून गेले. नुसते कोरे डबे. चाचा म्हणाले, काळजी नको. एकेक डबा कानाशी धरून हलवायचे आणि बाजूला ठेवायचे. हा मासा, हे फळ, हा मटार. मी चार उघडून बघितले, चारही बरोबर.

तेवढ्यात मेमसाहेब आल्या. कान लावून डबे ओळखणं त्यांना रानटीपणा वाटला. त्यांनी खडू घेतला, सगळे ढीग मोडले आणि डब्याचा आकार बघून स्वतःच्या हातानं नऊ डब्यांवर मासा असं इंग्रजीत लिहिलं. चाचा म्हणाले, "मेमसाब, इसमें फल हाय." बाई म्हणाल्या, "खानसामा, बहस नही." आणि पत्ते खेळायला गेल्या.

नवातले सहा डबे नासपतीच्या फोडी निघाले.

मासा तिनातच, आणि खडू न लागलेल्या डब्यांत तर एकातही नव्हता. आषाढातला दिवस, कृष्णेला गढूळ पूर, भोई पाण्यात उतरेना. पाहुणे साठ. मी म्हटलं, "चाचा, पत्त्यांच्या टेबलाशी जातो आणि हे सहा डबे बाईंच्या पायाशी ठेवतो." चाचांनी मला मागच्या वाफ्यात धाडलं, दुधीभोपळे आणायला. दुधी किसला, घट्ट पिळला, तीन डब्यांतल्या माशाच्या पाण्यात शिजवला, मिरी घातली. निम्म्या पॅटीसात मासा, निम्म्यात दुधी.

डॉक्टर साहेबांची बायको माझ्या समोरच म्हणाली, हा दुसऱ्या ट्रेमधला मासा पहिल्यापेक्षा चांगला आहे, कुठला? बाईंना काहीच माहीत नव्हतं. पण गप्प बसतील तर त्या मेमसाहेब कसल्या. म्हणाल्या, हा आमच्या कृष्णा नदीतला, रोज सकाळी मी स्वतः निवडून घेते.

मी आत येऊन चाचांना सांगितलं. ते विडी पेटवत होते, ती तशीच हातात राहिली.

"कृष्णेत दुधी कवापासनं पोहायला लागला रं?"

* * *

आता ज्यानं मी खरा पेटलो ते सांगतो. लढाई संपली त्याच्या दुसऱ्या वर्षी पुण्याच्या मेमसाहेब लोकांनी मिळून पाककृतींचं पुस्तक काढलं. आमच्या बाईंची कृती त्यात आली. बाई पुस्तक घेऊन किचनमध्ये आल्या, पान उघडून चाचांच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाल्या, "देखो खानसामा, तुम्हारा पॅटी."

चाचांनी हात धुतले, पुसले, पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मला म्हणाले, "सदा, माजं नाव कुटं हाय? बोट ठिव."

मी वाचलं. वर मोठ्या अक्षरात बाईंचं नाव. खाली सोपे माशाचे पॅटीस. कृतीत सहा घड्यांच्या जागी दोनच, अर्ध्या तासाची विश्रांती नाही, फरशीवरच्या बर्फाचा पत्ता नाही. आणि शेवटी एक ओळ, नीट लक्ष ठेवलं तर कुठलाही देशी नोकर सुद्धा हे करू शकतो.

बाई समोर उभ्या होत्या. म्हटलं, "चाचा, नाव न्हाई."

"कुटंच न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी पुस्तक मिटलं, परत दिलं, आणि बाईंना सलाम करून म्हणाले, "मेमसाब, चिट्टी?"

नेक्स्ट पार्टी! त्या दिवशी मी दोन बशा फोडल्या. हातातनं निसटल्या असं सांगितलं. निसटल्या नव्हत्या.

* * *

ती नेक्स्ट पार्टी अखेर सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात झाली. साहेब लोक सामान बांधायला लागले होते. क्लब बंद होणार हे आम्हाला दिसत होतं. मी निदान घरी जाऊन म्हशी तरी वळल्या असत्या. चाचांना जमीन नव्हती, दुसरा धंदा नव्हता, वय पन्नाशीच्या पुढं, आणि हातात एक कागद नव्हता. त्या निरोपाच्या पार्टीला त्यांनी पॅटीस केले तसे मी आयुष्यात परत खाल्ले नाहीत. पापुद्रा ओठाला लागला की विरघळत होता.

दुसऱ्या दिवशी मोटार दारात उभी असताना बाईंनी हेडक्लार्कला विचारलं, ह्या खानसाम्याचं नाव काय? त्यानं सांगितलं. बाईंनी मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या, चाचांच्या हातात दिल्या, आणि गेल्या.

चाचांनी तो कागद आधी डोळ्यांना लावला. मग मला दिला. "वाच."

मी वाचला आणि माझं अंग तापलं. खोटं सांगावं असं मनात आलं. पण त्या माणसानं सहा वर्षं त्या चिठ्ठीची वाट बघितली होती, त्याला खोटं कसं सांगू? लिहिलं होतं, "उस्मान आमच्याकडे सहा वर्षे होता. स्वच्छ आहे. दारू पीत नाही. नीट समजावून सांगितल्यास सोप्या गोष्टी करतो."

"पेस्ट्री?"

"पेस्ट्रीचं काय न्हाई, चाचा."

"सोपं कुटं लिवलंय? बोट ठिव."

मी बोट ठेवलं. त्यांनी त्या शब्दाकडं बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, "द्या इकडं, फाडतो. हे दाखवण्यापेक्षा रिकाम्या हातानं गेलेलं बरं." त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

* * *

पावसाळा संपता संपता माधवनगरच्या एका गिरणीत पाहुण्यांच्या बंगल्यासाठी कुक पाहिजे असं कळलं. मुंबईचे व्यापारी, साहेब लोक येणार, त्यांना विलायती जेवण लागणार. चाचा म्हणाले, तू पण चल. आम्ही आदल्या दिवशी सांगलीत त्यांच्या मेहुण्याकडं उतरलो. मेहुण्याची पावाची भट्टी होती. पहाटे चाचा उठले, मैदा चाळला. नदीवरनं झिंगे आणून सोलले. मला लाटायला हात सुद्धा लावू दिला नाही. सहाच्या सहा घड्या त्यांनी स्वतः घातल्या. बारा पॅटीस झाले. ते गरम गरम पत्र्याच्या डब्यात भरले, आणि आम्ही टांग्यानं माधवनगरला गेलो.

बंगल्याच्या व्हरांड्यात आठ-दहा खानसामे आधीच उभे होते. पुण्याचे, मिरजेचे, एक तर थेट बेळगावचा. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा, लाल फडक्यात बांधलेला. मॅनेजर टेबलाशी बसून एकेकाच्या चिठ्ठ्या चाळत होता आणि न बोलता परत देत होता. आमची पाळी आली.

"चिठ्ठ्या?"

"एक हाय, साहेब," चाचा म्हणाले, आणि डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला.

मॅनेजर वैतागला. "मी कागद मागितला."

"तळाला हाय. वरचं काडावं लागंल."

मॅनेजरनं आमच्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. वास तर सगळ्या व्हरांड्यात पसरला होता. त्यानं एक पॅटीस उचलला. चावला. दुसरा उचलला. मग तिसरा. चौथ्याला त्यानं खुर्ची पुढं ओढली. पाचव्याला कारकुनाला हाक मारून म्हणाला, "बाकीच्यांना जायला सांगा." मग एक पॅटीस त्या कारकुनाला दिला आणि उरलेले आपल्या बाजूला सरकवले.

बेळगाववाला गठ्ठा बांधत मला म्हणाला, "कसलं सर्टिफिकेट हाय रं तुमच्या म्हाताऱ्याकडं?" मी खांदे उडवले. चाचांनी बाईंची चिठ्ठी डब्याच्या तळाला अंथरलीय, हे मला पण आत्ताच कळलं होतं.

शेवटचा पॅटीस संपला तेव्हा मॅनेजरनं बोटं पुसली आणि तळाचा कागद दोन बोटांनी उचलला. लोण्यानं तो आरपार दिसायला लागला होता, आणि वाफेनं शाई सगळीकडं पसरली होती. त्यानं तो उजेडाकडं धरला, उलटा केला, परत सुलटा केला. एक अक्षर लागेना.

"काय लिहिलंय ह्यात?"

चाचांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं.

"सोपं हाय म्हनून लिवलंय, साहेब."